अंगण सजविण्यापूर्वी कागद पाहा
(बंगल्याची बाग, तिच्या परवानग्या आणि या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांसाठी काही गोष्टी)

घर बांधताना माणूस दहा ठिकाणी विचारतो. आर्किटेक्ट गाठतो, नगरपरिषदेत खेटे घालतो, नकाशा मंजूर करून घेतो. घर पूर्ण झाले, भोगवटा प्रमाणपत्र हाती आले की त्याला वाटते, आता सरकारशी आपला संबंध संपला. राहिले ते अंगण. त्यात हिरवळ लावायची, चार झाडे लावायची, एक दोन काढायची, कुंपण उंच करायचे, बसायला एक छत्री बांधायची. यात कोणाला काय विचारायचे? जागा आपली, पैसा आपला.

नेमके येथेच घोडे पेंड खाते. गेल्या काही महिन्यांत या विषयावर आमच्याकडे जी विचारणा झाली, ती बहुतेक काम अंगावर आल्यानंतरची होती. म्हणून या पानावर सविस्तर लिहिण्याचे आम्ही ठरविले. दुसरे कारण असे की गवंडीकाम, लोखंडी फाटक व ग्रिलचे काम, फरशी बसविणे, रोपवाटिका हे धंदे करणारे आमच्या समाजात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातील अनेक तरुण आता बागेचे संपूर्ण काम अंगावर घेऊ लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण संपूर्ण काम अंगावर घेणे म्हणजे त्यातला कागदही अंगावर घेणे होय, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एक उदाहरण सांगतो. नावे देत नाही, गावही देत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, नगरपरिषदेची हद्द. आखातात बावीस वर्षे नोकरी करून परतलेल्या एका गृहस्थांचा पाच गुंठ्यांचा कोपऱ्यावरचा प्लॉट. घर रीतसर परवानगीने बांधलेले. बागेचे काम त्यांनी ओळखीच्याच एका तरुण कंत्राटदाराला दिले. मुलगा मेहनती, वडील नावाजलेले जांभ्याचे गवंडी, परंतु बागेचे हे त्याचे पहिलेच काम. पावसाच्या आत उरकायचे म्हणून एप्रिलमध्ये सुरुवात केली. दर्शनी बाजूला एक जुना फणस होता, त्याची पाने सारखी गळतात म्हणून तो काढायचा ठरला. गृहस्थांनी एकदा विचारले, "बेटा, याला काही परवानगी लागते का?" त्यावर उत्तर मिळाले, "चाचा, झाड तुमचं, जागा तुमची, कोण विचारतो?"

फणस पडला. उताराच्या बाजूला नऊ फूट उंच जांभ्याची भिंत घातली, तिच्या मागे डंपरने मुरूम आणून भर टाकली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सात फूट बंदिस्त भिंत आली. प्लॉटच्या कडेने पावसाळ्यात वाहणारा एक लहान वहाळ होता, तो या भरावाखाली गेला. शेजाऱ्याने हे सारे पाहिले आणि अर्ज केला. मे महिन्यात झाडाबद्दल नगरपरिषदेची नोटीस आली. मग तलाठ्याने मुरुमाचा पंचनामा केला. आणि जुलैच्या एका रात्री ती नऊ फुटी भिंत शेजाऱ्याच्या परसात आडवी झाली. त्या बाजूला कोणी झोपलेले नव्हते म्हणून जीव वाचला. दोघांचे मिळून जे नुकसान झाले ते बागेच्या मूळ अंदाजपत्रकाहून अधिक होते. गृहस्थांनी कंत्राटदाराचे उरलेले पैसे थांबविले, कंत्राटदाराने जांभा खाणवाल्याचे. दोघेही आपापली फाईल घेऊन एकाच आठवड्यात आमच्याकडे आले, तेव्हा ही हकीकत आम्हांला दोन्ही बाजूंनी ऐकावयास मिळाली.

यातली प्रत्येक चूक टाळता येण्यासारखी होती. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट झाडाची. शहरी भागासाठी महाराष्ट्रात 1975 सालचा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. त्याप्रमाणे खाजगी जागेतील झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही. तोडणे म्हणजे केवळ बुंध्याला कुऱ्हाड लावणे नव्हे. झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करून ते मारणे हेही त्यात येते. बुंध्याची साल काढून ठेवायची किंवा मुळाशी रसायन ओतायचे आणि मग "वाळले होते म्हणून काढले" असे सांगायचे, ही युक्ती जुनी आहे आणि पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यालाही ती पाठ आहे. 2021 मध्ये या कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड आता वारसा वृक्ष मानले जाते. परवानगीने झाड तोडले तरी त्याच्या वयाच्या वर्षांइतकी नवी झाडे लावावी लागतात. ती सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षे त्यांची देखभाल करावी लागते. विनापरवाना तोडल्यास दंड प्रत्येक झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

ग्रामपंचायत हद्दीत वेगळा कायदा आहे. 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत सोळा जाती आहेत. हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बीजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि तिवर म्हणजे खारफुटी. कोकणातल्या कोणत्याही जुन्या आवारात यातली दोन तीन झाडे असतातच. तेव्हा "गावात कोण विचारतो" हेही खरे नाही.

अर्जाची पद्धत अवघड नाही. मालकीचा उतारा, जागेचा नकाशा, त्यावर झाडाची जागा, झाडाचे छायाचित्र आणि तोडण्याचे कारण एवढे बहुतेक ठिकाणी मागतात. नंतर झाडावर व वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकती, पाहणी असा क्रम असतो. यात दोन महिने सहज जातात. म्हणून ज्याला उन्हाळ्यात काम करायचे आहे त्याने अर्ज दिवाळीच्या सुमारास द्यावा. एप्रिलमध्ये अर्ज देऊन मेमध्ये झाड पाडायचे असे गणित बसत नाही. फांद्या छाटण्यासाठीही विचारून घ्यावे. आणि आमचे स्वतःचे मत विचाराल तर, झाड तोडण्याचा विचार शेवटी करावा. आराखडा झाडाभोवती फिरवता येतो. फणसाच्या पानांचा कंटाळा आला म्हणून चाळीस वर्षांची सावली घालवायची आणि मग तेथे सिमेंटची छत्री बांधायची, हा हिशेब आम्हांला कधी उमगला नाही.

झाड ठेवले तर त्याच्या बुंध्यापर्यंत फरशी किंवा पेव्हर ब्लॉक भिडवू नयेत. दिल्लीत 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने झाडाभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तो आदेश दिल्लीपुरता होता, पण एक मीटर मोकळी माती ठेवण्याचे माप कोठेही पाळण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट कुंपणाची. मुंबई महानगरपालिका व काही थोडे भाग वगळता राज्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. या नियमांत बागकामाला बांधकाम परवानगी लागत नाही, पण कायम स्वरूपाचे बांधकाम वगळून. हे शेवटचे चार शब्द विसरू नका. माती, रोपे, हिरवळ, ठिबकाच्या नळ्या, कुंड्या ही बाग झाली. काँक्रीटची छत्री, पोहण्याचा तलाव, पक्की खोली, मोठी संरक्षक भिंत हे बांधकाम झाले. मोकळ्या सोडलेल्या समासात, म्हणजे घर आणि हद्द यांमधल्या जागेत, असे बांधकाम केले तर मूळ मंजूर नकाशाचाच भंग होतो. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली ते पाडण्याची नोटीस येऊ शकते.

आवारभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतात, आपल्या अंगणापासून नव्हे. साधारण नियम दीड मीटरचा आहे. वरचा 0.9 मीटर भाग जाळीचा किंवा उघडा ठेवला तर 2.4 मीटरपर्यंत जाता येते. कोपऱ्यावरच्या प्लॉटला चौकाकडील दोन्ही बाजूंना दहा मीटर लांबीपर्यंत बंदिस्त भिंत पाऊण मीटरच ठेवायची, उरलेली उंची रेलिंगची. कारण उघड आहे. वळणावर येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पलीकडून येणारे मूल दिसले पाहिजे. वरील गृहस्थांची सात फुटी भिंत कोपऱ्यावर होती. तिचा वरचा भाग उतरवावा लागला, तो भिंत घालण्यापेक्षा महाग पडला, कारण उतरवलेला चिरा पुन्हा पूर्ण किमतीचा राहत नाही.

भिंतीचा पाया खणण्याआधी दोन कागद पाहावेत. एक, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्याव्यात. जुन्या कुंपणाच्या निवडुंगावर विश्वास ठेवू नये, निवडुंग सरकत असतो. दोन, विकास आराखड्यात समोरचा रस्ता रुंद होणार आहे काय, हे नगररचना विभागाच्या अभिप्रायावरून पाहावे. दगडी फाटक बांधायचे आणि दोन वर्षांनी ते रस्त्यात जायचे, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

तिसरी गोष्ट मातीची, आणि येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण बागेच्या कामात सर्वांत मोठा पैसा आणि सर्वांत मोठा धोका मातीतच असतो. पाच गुंठे म्हणजे 5445 चौरस फूट. एवढी जागा दोन फूट उचलायची तर 10,890 घनफूट माती लागते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा हे सुमारे 109 ब्रास झाले. तीन ब्रासचा डंपर धरला तर छत्तीस खेपा. छत्तीस खेपा गावात लपून होत नाहीत.

मुरूम, माती, जांभा, रेती ही गौण खनिजे आहेत. ती कोठून आणली, स्वामित्वधन भरले काय, वाहतुकीचा पास आहे काय, हे विचारण्याचा अधिकार महसूल खात्याला आहे. महाखनिज या संगणकीय व्यवस्थेतून निघालेला पास प्रत्येक खेपेबरोबर असायला हवा. तो नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडी अडकते ती वेगळीच. "पास डंपरवाला बघेल" असे म्हणून चालत नाही, पंचनामा माल पडलेल्या जागेवर होतो. प्रत्येक खेपेच्या पासची प्रत मालकाने व कंत्राटदाराने ठेवावी. मात्र आपल्याच प्लॉटमध्ये खणलेली माती त्याच प्लॉटमध्ये सपाटीकरणासाठी वापरली तर स्वामित्वधन लागत नाही. 2013 च्या नियमांत ही सवलत आहे, आणि पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये याच दिशेने निकाल दिला आहे. म्हणून शहाणा माणूस आधी पातळी काढून घेतो, उंच भागाची माती खोलगट भागात टाकतो आणि बाहेरून कमीत कमी आणतो. चांगला आराखडा येथेच आपली फी वसूल करून देतो.

आता ती पडलेली भिंत. जांभा वाईट नव्हता, गवंडीकामही वाईट नव्हते. भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी एकही भोक नव्हते. कोकणच्या पावसात मागचा भराव भिजून जड होतो आणि साठलेले पाणी भिंतीला ढकलू लागते. आवाराची भिंत आणि माती अडविणारी भिंत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक फक्त आपले वजन सांभाळते, दुसरी मागच्या डोंगराचे. दुसरीला तळाशी रुंदी हवी, दर दीड दोन मीटरवर पाण्याची भोके हवीत, त्यांच्या मागे खडीचा थर हवा. दीड मीटरहून उंच भराव अडवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सहीचा नकाशा घ्यावाच. नवा कंत्राटदार येथे वडिलांच्या अनुभवावर विसंबला. वडिलांनी आयुष्यभर घराच्या भिंती बांधल्या होत्या, भराव अडविणाऱ्या नव्हे. शिवाय त्याने वहाळ बुजविला होता. नैसर्गिक पाणवाट अडविणे कायद्यातही बसत नाही आणि पाण्यालाही पटत नाही. पाणी त्याच जागेने आले, फक्त या वेळी भिंतीच्या पोटातून आले.

मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडील वाचकांचा प्रश्न उलटा आहे. तेथे काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पेव्हर बसविले की वर्षाच्या आत लाटा येतात. वरची काळी माती काढून मुरुमाचा दाबलेला थर द्यावा आणि निघालेली काळी माती झाडांच्या खड्ड्यांसाठी राखून ठेवावी. ती फेकू नये, विकतची लाल माती तिच्या पासंगालाही पुरत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज सुमारे पाच लिटर पाणी लागते. शंभर चौरस मीटर हिरवळ म्हणजे महिन्याला पंधरा हजार लिटर, दहा हजार लिटरचे दीड टँकर. हा आकडा गिऱ्हाइकाला कामाआधीच सांगावा, मग ते स्वतःच हिरवळ निम्म्यावर आणते. बोअरवेल घ्यायची असेल तर 2009 च्या भूजल कायद्यात साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, हे लक्षात ठेवून आधी चौकशी करावी. पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्लॉटवर पावसाचे पाणी जिरविण्याची सोय बांधकाम परवानगीतच बंधनकारक असते. बागेच्या कामात तो शोषखड्डा फरशीखाली गाडला जातो, असे अनेक ठिकाणी आम्ही पाहिले आहे.

गच्चीवरील बागेचा हल्ली मोठा षोक आहे. ओली माती घनमीटरला सतराशे ते अठराशे किलो भरते. म्हणजे केवळ अर्धा फूट जाडीचा थर चौरस मीटरला अडीचशे किलोहून जास्त होतो. राहत्या घराची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो वापरभार धरून आखलेली असते. कुंड्या तुळईवर आणि भिंतीच्या कडेने ठेवाव्यात, मधोमध मातीचा वाफा घालू नये. सोसायटीची इमारत असेल तर गच्ची कोणा एकाची नसते, तेव्हा सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल.

समुद्र किंवा खाडीकाठी घर असणाऱ्यांना किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. तेथे भराव, भिंत, खारफुटी यांपैकी कशालाही विचारल्याशिवाय हात लावू नये. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आता धंद्याकडे वळू. या कामात रोपांवर मिळकत कमी आणि सिव्हिल कामात जास्त असा समज आहे. पण पुनःपुन्हा येणारा पैसा देखभालीत आहे. रोपे पुण्याजवळ उरुळी कांचनच्या पट्ट्यातून किंवा आंध्रातील कडियमहून मालट्रकने येतात. प्रवासात काही मरतात, लावल्यावर काही मरतात. ही मर कोणी सोसायची ते आधी लिहून ठेवावे. जिवंत रोपांवर जीएसटी नाही, पण बाग करून देण्याच्या सेवेवर 18 टक्के आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. पन्नास लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या सेवा व्यावसायिकांना सहा टक्क्यांची एकरकमी योजना आहे. स्वतः रोपवाटिकेत वाढविलेल्या रोपांची मिळकत शेतीचे उत्पन्न मानली जाते, 2008 च्या वित्त कायद्याने हे स्पष्ट केले. म्हणून ज्याची रोपवाटिकाही आहे आणि कंत्राटही आहे, त्याने दोन वह्या ठेवाव्यात.

दरपत्रकात परवानग्यांसाठी एक वेगळी ओळ घाला. झाडाचा अर्ज कोण करणार, मोजणीची फी कोण भरणार, मुरुमाचे पास कोण ठेवणार, आणि परवानगी येईपर्यंत काम थांबले तर आगाऊ रकमेचे काय. गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर हे लिहून घेण्याचा संकोच वाटतो. आमचा अनुभव असा की ओळखीच्याच माणसाशी ते आधी लिहावे. वरील दोघांत एक ओळही लिहिलेली नव्हती, आणि जे भांडण झाले ते दोन घरांत झाले. एकाच जमातीतली माणसे, दोन ईदा एकमेकांकडे गेली नाहीत.

शेवटी जमातीच्या वडीलधाऱ्यांनी बसून तोड काढली. भिंत इंजिनीअरच्या नकाशाप्रमाणे पुन्हा बांधायची, साहित्य मालकाचे, मजुरी कंत्राटदाराची. वहाळासाठी तीन फूट रुंदीची उघडी गटार सोडायची. झाडाचा दंड मालकाने भरला. फणसाचे वय पाहणीत चाळीस ठरले, म्हणून चाळीस रोपे लावण्याचे हमीपत्रही द्यावे लागले. पाच गुंठ्यांत चाळीस झाडे कोठे लावणार? तेव्हा कब्रस्तानच्या मोकळ्या कडेला ती लावण्याची संमती जमातीने दिली. कडुनिंब, करंज, जांभूळ अशी सात आठ फुटी रोपे आली. सात वर्षे पाणी घालण्याचे काम त्याच तरुण कंत्राटदाराकडे आहे, महिन्याच्या ठरलेल्या मोबदल्यावर. त्याचे पुढचे काम एका डॉक्टरांच्या बंगल्याचे आहे. तेथे दोन झाडे मध्ये येत होती. त्याने एकासाठी वाट वळवली आणि दुसऱ्याचा अर्ज ऑक्टोबरातच देऊन पोच फाईलला लावली आहे.